पाणी सोडायची चावी

बोरवाडी, कोहिनूरजवळ, जि. बिदर
१२ जुलै २०२४

ती. मंजुअक्कास धनराजचा सा. न. वि. वि.

सोमवारी माझं बोलणं अर्ध्यात तोडून तू फोन ठेवलास, त्यानंतर उचलला न्हाईस. म्हणून लिहायलोय. आईची सलाईन काल काढली. आता पेज पिते अन् सुनेवर, अंजूवर, खेकसते, म्हणजे बरी आहे. पण राघोबाकाका गेले. दोन दिवस उलट्या-जुलाब, तिसऱ्या दिवशी संपलं सगळं. गावात चाळीसएक जण आडवे आहेत.

तुला राग कशाचा आलाय ते ठाऊक आहे. नागव्वाकडून पाणी सोडायची चावी आम्ही काढून घेतली. अकरा वर्षं तीच टाकीवरून गावाला पाणी सोडते. टाकीत औषध टाकलं न्हाई म्हणून हे झालं, असं सगळेच म्हणायलेत. देवळापुढं गाव बसलं तेव्हा पहिला हात मीच वर केला, लपवत न्हाई. ती एवढंच म्हणाली, "रोज पहिला तांब्या मी पिते, मग गावाला सोडते." मग तिच्या खालच्या आळीत एकालाही काही झालं न्हाई, ते कामून? अक्का, त्या लोकांचं कसं असतं ते शहरात राहून तुला कळायचं न्हाई.

हवी तेवढी रागाव, पण लोभ तोडू नकोस.

तुझा धनराज


नौबाद, बिदर
१६ जुलै

चि. धनराज यास मंजुअक्काचे अ. आ.

काकांचं वाचून बसूनच राहिले. मला सायकल त्यांनी शिकवली होती. आईला उकळलेलंच पाणी द्या.

बाकी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा फाडावंसं वाटलं. तीस वर्षं मी नर्स होते. खालची आळी टाकीला लागून आहे, पाणी आधी तिथं पोचतं. तिथं कुणी आजारी नाही, म्हणजे टाकी चांगली आहे. पाणी त्याच्या पुढं कुठंतरी नासतंय. ज्या गोष्टीनं नागव्वा निर्दोष ठरते, तीच धरून तुम्ही तिला दोषी केलंत. गेल्या वर्षी आमच्या कॉलनीत हाच आजार आला होता. इथं कुणी कुणाची जात काढली नाही, पाइप उकरला.

दोन बाटल्या पाठवते. एक टाकीवर भरा, एक आपल्या नळावर, आणि त्याच दिवशी बसनं माझ्याकडे पाठवा. भरायचं काम अंजूला सांग, तुझ्यावर माझा भरवसा नाही. पाइप तर तू उकरणारच नाहीस. शाळेत त्या आळीतल्या पोरानं शिवलं म्हणून रांजण उपडा करणारा तू, अजून तोच आहेस.

तरी पाठचा भाऊ आहेस. जपून राहा.

मंजुअक्का


बोरवाडी
२९ जुलै

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझा तपासणीचा कागद मिळाला. टाकीचं पाणी चांगलं, नळाचं घाण. पाइप मी उकरला, शेजारच्या सिद्धप्पाला संगं घेऊन, गुडघाभर चिखलात. फुटलेला सापडला तो आपल्याच गोठ्यामागं, जिथून वरच्या गावाला पाणी जातं. उन्हाळ्यात संडासाचा खड्डा मी तिथंच खणला होता. तेव्हाच पहार लागली असणार.

सिद्धप्पानं गावभर सांगितलं, चावी काढून घेतली म्हणून नागव्वानंच सूड घेतला, पाइप फोडला. चावी काढली त्याच्या आधीपासून लोक आजारी होते, हे कुणी बोललं न्हाई. मीही गप्प बसलो.

पण तूही ऐक. मी उकरणार न्हाई, असं लिहिलं होतंस. उकरला. आता म्हणशील, उशिरा उकरला. माझ्याबद्दल तुझं आधीच ठरलेलं आहे, गावाचं नागव्वाबद्दल ठरलंय तसंच. चूक माझी आहे अन् गावापुढं मीच सांगीन. तुझ्या धाकानं न्हाई. काकांना खांदा मी दिलाय, म्हणून.

पटलं तर माया ठेव.

धनराज


बोरवाडी
६ ऑगस्ट

ती. मंजुअक्कांस अंजूचा सा. न. वि. वि.

हे लिहायला तयार न्हाईत, म्हणून मी लिहायलेय. रविवारी हे देवळापुढं उभे राहिले. खड्डा माझा, पाइप माझ्या हातून फुटला, काका माझ्यामुळं गेले, नागव्वाला चावी परत द्या, असं सरळ बोलले. कुणाला पटलं न्हाई. सिद्धप्पा म्हणाले, बिदरच्या बहिणीनं याचं डोकं फिरवलंय. बायका म्हणाल्या, नागव्वानंच काहीतरी करून ठेवलंय, न्हाईतर कुणी स्वतःवर घेतं का. चावी दिली न्हाई. घरी येऊन यांनी जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं. "मी स्वतः सांगायलोय, तरी माझं खरं कसं मानत न्हाईत?" मी म्हटलं, तिचं तरी तुम्ही कुठं मानलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी नागव्वाच्या दारात माफी मागायला गेले. तिनं बस म्हटलं न्हाई. "माफी राहू द्या. अंगणवाडीत माझ्या नातीला पाण्याच्या हंड्याजवळ येऊ देईनात, ते बघा," म्हणाली अन् आत गेली.

अक्का, मोठ्या आहात, पण मला तुमचाही राग आलाय. बाटल्या पाठवल्यात, तिकडून खडसावलंत, पण एवढ्या दिवसांत एकदा आला न्हाईत. काका गेले तेव्हासुद्धा. येत्या सोमवारी सकाळी दहाला मी अंगणवाडीत जाणार आहे. त्या पोरीला त्याच हंड्यातलं पाणी माझ्या हातानं देणार अन् तिचं उरलेलं मी पिणार. हे पण येतो म्हणालेत. आईंनी आजपासूनच माझ्याशी बोलणं सोडलंय.

यांना शिकवायला येऊ नका. माझ्याशेजारी उभ्या राहायला या.

आपलं माणूस समजून एवढं लिहिलं.

अंजू