चष्म्याच्या डबीतला आठ नंबर

आई, सकाळपासून डायनिंग टेबलावर तीन ब्रश-सेट मांडून बसलेय आणि एकही पसंत पडत नाहीये. उद्या रविवार. इथे चित्रं काढणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, दर रविवारी कुठेतरी बाहेर जाऊन समोरचं बघून रंगवतात. रिटायर झाल्यापासून सात महिने मी त्यांना "येते, येते" म्हणतेय आणि दर शनिवारी माझे गुडघे दुखायला लागतात. उद्या ते राऊला, आपल्या त्या टेकडीवर, जाणार आहेत. राऊला, आई! म्हणून या वेळी गुडघ्यांचं नाव काढलं नाही, सरळ बाजारात जाऊन बाहेर न्यायचे ब्रश घेऊन आले. एक सेट ठरेना, तेव्हा दुकानदारच वैतागून म्हणाला, "आंटीजी, तीनों ले जाओ, घर पे आराम से देखो, शाम तक जो नहीं चाहिए वापस कर देना." आता चार वाजलेत. मी उठते, बसते, चहा टाकते आणि विसरते, तो आटून जातो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मेले, पायाला भिंगरी बांधलीय का गं तुझ्या?"

पहिल्या सेटातले ब्रश पेनासारखे आहेत, टोपण काढून मागे लावलं की दांडा लांब होतो. दुसरा बांबूच्या काड्यांच्या चटईत गुंडाळलेला. तिसरा पत्र्याच्या डबीत, आखूड दांड्यांचा. हल्ली हे असे मुद्दाम आखूड करून विकतात, तुला हसू आलं असतं. दुकानात मी प्रत्येक सेटाला एकच प्रश्न विचारत होते, ओला बंद केला तर? तो म्हणाला, "छेद है ना आंटीजी, हवा आती रहती है." मी म्हटलं, और बाल मुड़ गए तो? शेवटी तो चिडलाच. "अरे, सुखा के रखोगे तो क्यों मुड़ेंगे?" चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मला वाटलं, अख्ख्या दुकानाला कळलं. तुझी नात फोनवर म्हणाली, "आई, ब्रश है यार, लग्नाचा शालू नाहीये. कोई सा भी ठेवून घे ना." तिला काय सांगू? तिला तर ती डबीसुद्धा माहीत नाही.

आजोबांच्या चष्म्याची ती पत्र्याची डबी. तू स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आहेस, पोळपाट पुढ्यात, त्यावर तुझे तीन चांगले ब्रश, आणि तू करवतीच्या पात्याने त्यांचे दांडे कापते आहेस. बाबा दारातून ओरडतात, "अगं, चांगले ब्रश आहेत ते!" तू मान वर न करता म्हणतेस, "चांगले आहेत म्हणूनच घरात पडून राहायचे नाहीत." मग कापलेली टोकं पॉलिश पेपरने घासलीस आणि पिशवीतून लाल नेलपॉलिशची बाटली काढलीस. मी दहा वर्षांची, हरखले, आता आमची आई नखं रंगवणार! तू तीन दांड्यांच्या टोकांना तीन थेंब लावलेस, लाकडात पाणी शिरू नये म्हणून, आणि फुंकर घालत बसलीस. मुलींच्या शाळेत आठवडाभर ड्रॉइंगचे तास घेणारी तू, महिन्यातला एक रविवार तेवढा तुझा. ती डबी पर्समध्ये टाकायची, मला बोटाशी धरायचं आणि राऊची बस पकडायची. तेव्हा तिथे कॉलेजं नव्हती, कॉलन्या नव्हत्या, टेकडीवर बसलं की नुसती काळी शेतं दिसायची. तू रंगवत असताना मी तुला दर पाच मिनिटांनी विचारायची, झालं का?

त्या शेवटच्या रविवारी मी तेरा वर्षांची होते. बस दिसायला लागली होती, स्टँडवर कचोरी खायची कबूल केली होतीस, आणि तू चित्र फडक्यात बांधत म्हणालीस, "ब्रश तू आवर." तुझा नियम मला पाठ होता. धुवायचा, टोक करायचं, वाळवायचा, मग डबीत झोपवायचा. मी आठ नंबर पाण्यात बुचकळला, तसाच निथळता डबीत कोंबला. खारीच्या केसांचा, तुझा लाडका. टोक डबीच्या भिंतीला टेकून दुमडलं. मला ते दिसलं. दिसूनही मी झाकण दाबलं, कारण मला कचोरी हवी होती.

मग पाऊस लागला, बाबांचं दुखणं निघालं, तुझ्या ट्यूशन सुरू झाल्या. डबी उघडलीस ती दिवाळी झाल्यावर. कुबट वास आला, आणि आठ नंबर हॉकीच्या काठीसारखा वाकडा. तू तो कोमट पाण्यात धरलास, साबण लावून टोक केलंस, दोऱ्याने बांधून ठेवलास. दुसऱ्या दिवशी दोरा सोडला की पुन्हा वाकडा. "वय झालं माझं," तू म्हणालीस, "हाताला भान राहत नाही." बेचाळीस वर्षांची होतीस गं तू! मी गप्प राहिले. त्यानंतर तू राऊला कधी गेली नाहीस. ब्रश काय, दुसरा मिळाला असता. पण विचारलं की म्हणायचीस, जाऊ पुढच्या रविवारी. बाबांचं दुखणं होतंच, घराचं होतंच, हे मी स्वतःला पंचेचाळीस वर्षं समजावतेय. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली तरी पटत नाही.

मघाशी तुझी डबी काढली. दोन ब्रश अजून धड आहेत. मग दुकानदाराला फोन लावला, म्हटलं, भिया, तीनही सेट वापस आणतेय, सुटा आठ नंबर आहे का, गिलहरी के बाल वाला? तो म्हणाला, "है ना आंटीजी, पर लंबा दांडा है, बाहर ले जाने में दिक्कत होगी." मी म्हटलं, मैं काट लूँगी. करवतीचं पातं घरात आहे, येताना नेलपॉलिश तेवढी आणायची. सकाळी साडेसहाला निघायचंय.

आता उठायला हवं, दुकान बंद होईल. हा कागद डबीच्या तळाशी घडी करून ठेवेन, आणखी कुठे पाठवणार? पण वर एक खोटं लिहिलंय, आई. त्या दिवशी तो ब्रश खिडकीच्या उजेडात धरून तू मला विचारलं होतंस, "मीच ओला बंद केला असेन, नाही गं?" मी गप्प राहिले नव्हते. मी म्हटलं होतं, "हो, तूच केलास. मी पाहिलं."