डावा खांदा

डार्बी, मोन्टाना

ऑरिन,

बाबांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला, तेव्हा तू फोनवर म्हणालास, "लेटा, त्यांची रायफल विकून टाक." विकली. पण तिच्या बदली दुसरी आणली.

जुनीचा बोल्ट, म्हणजे गोळी भरताना ओढायचा दांडा, उजव्या अंगाला होता. ही मधोमध दुमडून उघडते, एकच गोळी घेते आणि डाव्या हातालाही तितकीच सोपी पडते. हरणाला चालते, एल्कसारख्या थोराड सांबरालाही पुरते. दुकानदार म्हणाला, "आजोबा, एल्क नुसता जखमी होऊन पळाला तर?" बाबा खेकसले, "दुसरी गोळी हाताशी असली की माणूस पहिली वाया घालवतो. बांध ती!"

शनिवारी आम्ही डोंगरात जातोय. तुला कळलं तर आडवा येशील, म्हणून हे पत्र टाकणार नाही. मांसातला तुझा वाटा मात्र ठेवीन.

लहानपणी मी डावा हात पुढे केला की बाबा फटका द्यायचे, आठवतं? काल कुंपणाच्या खांबावर रायफलची नळी टेकवून ते म्हणाले, "पोरी, डाव्या खांद्याला कशी लावतेस गं तू? दाखव जरा."

लावून दाखवली. सवयीने त्यांनी उजवा खांदा पुढे केला. मी त्यावर हलकेच फटका मारला. बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

तुझी डावखुरी बहीण,
लेटा