काळ्या डब्यातली मेणबत्ती

९ जानेवारी, गुरुवार

आता पुरुषांसाठी वेगळी मेणबत्ती! आमचा माल घेणाऱ्या पुण्याच्या मॅडमचा फोन होता. चौदा फेब्रुवारीच्या आत बाराशे डबे हवेत – काळा डबा, वर सोनेरी अक्षरं, ‘त्याच्यासाठी’. नवऱ्याला भेट काय द्यायची हा म्हणे बायकांपुढं मोठा प्रश्न असतो. वास व्हिस्कीचा. मेण तेच, वात तीच, काच तीच. लॅव्हेंडर काढायचं, व्हिस्की घालायची, की झाली पुरुषाची!

आकारामतात्यांची सगळी हयात कुपवाडच्या या मेणबत्तीच्या शेडमध्ये गेली, पण असलं त्यांनीही ऐकलं नव्हतं. “आरं भरतेश, बाप्यामानसाला मेनबत्ती कशाला? लाईट गेली तर त्यो कट्ट्यावर जाऊन बसतोय की!”

१० जानेवारी

आईला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न – “दारू घालता व्हय रं मेणात?” नुसतं वासाचं तेल असतं, दारूचा थेंब नसतो, हे तीनदा सांगितलं. मग म्हणाली, बस्तीत दर्शनाला गेलास की कुणापाशी बोलू नको.

मॅडम म्हणतात, ही लावून दोघांनी जेवायला बसायचं. आम्हा जैनांच्या घरात दिवस मावळायच्या आत ताटं घासून पालथी घातलेली असतात. मग काय उन्हात लावायची?

१५ जानेवारी

गोमटेशमामानं स्थळ आणलंय. दुधगावची कीर्ती. एकोणतीस वर्षांची, शाळेत शिकवते. तिची आई चार वर्षांपूर्वी गेली. वडील जवाहरकाका, हळदीचे व्यापारी, गावात मान आहे. त्यांची अट एकच – मुलगा निर्व्यसनी हवा.

आजवर सहा नकार आले. जमीन किती? नोकरी सरकारी का? पुण्यात फ्लॅट आहे का? या वेळी पहिल्यांदाच मला येणारा प्रश्न पेपरात आलाय! सुपारीसुद्धा खाल्लेली नाही मी.

चौतीस पूर्ण झाली. लोकांत हसण्यावारी नेतो, पण आता एकटं राहणं नको वाटतं. हे जमावं.

२५ जानेवारी, शनिवार

उद्या दुधगावला जायचं आणि आजच व्हिस्कीच्या तेलाचा कॅन अंगावर सांडला! फळीवरून काढताना झाकण निघालं. मानेपासून बुटांपर्यंत न्हालो. घरी येऊन दोनदा आंघोळ केली, बेसन लावलं, लिंबू चोळलं. मला तर काही वास येत नाही. पण आठ वर्षं या कामात काढल्यावर माझ्या नाकाचा काय भरवसा? आईला विचारलं. म्हणाली, “तुज्या अंगाला रोज कसला ना कसला येतोयच की.”

२६ जानेवारी, रविवार

जाऊन आलो. तिघेच – आई, मामा, मी.

कीर्ती शाळेतलं झेंडावंदन उरकून आली होती. साडीला झेंडा टोचलेला तसाच होता. मागच्या सोप्यात दहा मिनिटं बोलायला बसवलं. काय करता, विचारलं. म्हटलं, मेणबत्तीच्या शेडमध्ये सुपरवायझर आहे, सध्या पुरुषांच्या मेणबत्त्या बनवतो. “पुरुषांची म्हणजे कशी?” – “तीच, फक्त डबा काळा.” खळखळून हसली! मग तिनंच सांगितलं, चौथीच्या पोरांना पाढे शिकवते आणि तिला स्वतःला अजून सतराचा पाढा अडतो. मलाही अडतो, पण मी ते कबूल केलं नाही. आता वाटतं, करायला हवं होतं.

बाहेर जवाहरकाका सारखी वेलची चघळत होते. निघताना मी पाया पडलो. त्यांनी खांद्याला धरून उठवलं, जवळ घेतलं – आणि एकदम हात सोडला.

मला आवडली ती. खूपच आवडली.

२८ जानेवारी

फोन नाही.

२९ जानेवारी

नकार. मामाला फोनवर म्हणाले, “तुमचा भाचा पिऊन आला हुता. देशी न्हवं, इंग्रजी! मला वळकू येतंय.”

मी पिऊन!! सकाळी अभिषेक करून निघालो होतो. आई स्वयंपाकघरात रडत बसलीय. मामानं व्हिस्कीच्या मेणबत्तीचं सगळं समजावून सांगितलं, तर काका म्हणाले, थापा तरी बऱ्या मारा. त्यांचीही चूक कशी म्हणू? मला कुणी असं सांगितलं असतं तर मीही हसलोच असतो.

३१ जानेवारी

शेडमध्ये चित्त नाही. चाळीस काचा वात न लावताच भरून ठेवल्या. आकारामतात्यांनी पाहिलं, बाजूला घेतलं. सगळं ऐकून म्हणाले, “मग योक डबाच दे की नेऊन! वास घिऊ दे त्यास्नी.” खरंच की. हे मला कसं सुचलं नाही?

२ फेब्रुवारी, रविवार

मामा डबा घेऊन गेला. काकांनी झाकणसुद्धा उघडलं नाही. “असली वस्तू माझ्या घरात नको” म्हणून ओसरीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आत निघून गेले. मामा तसाच परत आला. डबा तिथंच राहिला. “गड्या, आता सोड हा नाद,” म्हणाला.

६ फेब्रुवारी

सोडला.

११ फेब्रुवारी

सोडला कसला! दुधगावची एसटी दिसली तरी मान वळते. बाराशे डबे पुण्याला रवाना केले. बाराशे बायका आपापल्या नवऱ्याला देतील, ते लावतील, आणि माझ्या लग्नाची वाट लावणारा वास घरभर दरवळेल. मॅडम खूश आहेत. पुढच्या खेपेला चामडं म्हणतायत – चामड्याचा वास! आता आईला हे कोण सांगणार?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शेडमधून सुटताना अनोळखी नंबरवरून मेसेज आला. कीर्तीचा. जसाच्या तसा उतरवून ठेवतो –

“कट्ट्यावरचा डबा मी आत नेऊन ठेवला होता. आज लावून बघितला. त्या दिवशी तुमच्या अंगाला येत होता तोच वास. गोड आहे, मनुकांसारखा. खऱ्या दारूचा असा नसतो. तो आंबट असतो, दोनदा धुतलं तरी शर्टातून जात नाही. बाबांचे शर्ट मीच धुते. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. रविवारी तुमच्या आईंना भेटायला आले तर चालेल का?”

मी लिहिलं – या. जेवायलाच या, उन्हं असताना.