न्हाणीमागचा ओंडका

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ललितापंचमी, १९५३

तीर्थस्वरूप आक्कास धाकट्या शालूचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे, दाजींचा दमा आणि तुमची ती मारकी म्हैस, तिघांचीही प्रकृती अंबाबाईच्या कृपेनं बरी असेल. दोन वर्षांत राधानगरीहून तुझं पत्र नाही, म्हणून विचारते. (का नाही, ते मला ठाऊक आहे. त्यावर नंतर येते.)

इकडं मोठी गंमत झाली बघ. आईच्या रानातलं हरभऱ्याचं बी मी लग्नात ओटीतून आणलं होतं ना, त्याला दोन वर्षं मर लागतेय. हिरवंगार झाड एका सकाळी मान टाकतं आणि आठवड्यात वाळून काडी. आता जेमतेम एक गाडगं बी उरलंय. औंदा तेही मेलं की आईचं बी संपलं, आणि आमचे मालक तर तिथं ऊस लावायला टपूनच बसलेत. मी रडायची तेवढी बाकी होते. तेवढ्यात शेतकी शाळेतले त्र्यंबक मास्तर म्हणाले, मर लावते ती मातीतली बुरशी, आणि तिला खाऊन टाकणारी दुसरी एक हिरवी बुरशी असते. ती बियाण्याला चोळून पेरा. त्यांनी कुंड्यांत करून बघितलंय. पण साहेब तपासणीला येणार म्हणून शिपायानं बुरशीची बरणी राखेनं घासून लख्ख केली! मास्तर दोन दिवस जेवले नाहीत म्हणे.

मग काय, मी पदर खोचला आणि पेठेत बुरशी शोधत निघाले. पण मुहूर्त बघ की माझा! नवरात्राची झाडलोट नुकतीच उरकलेली. घरोघरी भांडी चकचकीत, आणि मी दारात उभी, "बुरशी हाय का वो घरात?" शेजारची तानाबाई अशी बघत राहिली, जशी मी तिच्या घराण्याची अब्रूच काढली. शेवटी पलीकडच्या धोंडुबाईनं हळूच लोणच्याची बरणी पुढं केली, "कुणाला सांगू नगंस" म्हणाली. मास्तरांनी भिंगातून बघितलं. ही काळी, कामाची नाही म्हणाले. हवी ती गर्द हिरवी, कुजक्या लाकडावर येणारी, ओल्या खोबऱ्याच्या वासाची. आपली बुरशी नापास केली म्हणून धोंडुबाई अजून फुगून बसलीय!

माझ्या घरात तर शोधायची सोयच नाही. माझी स्वच्छता तू जाणतेसच. असो. दाजींना नमस्कार.

तुझी,
शालू

ता. क. – खोबऱ्याचा वास म्हटल्यावर मला एकदम आठवलं. तुझ्या न्हाणीमागचा तो फणसाचा ओंडका! दोन वर्षांपूर्वी तुझ्या सासरच्या चार पाहुण्यांदेखत मीच नाक धरून म्हणाले होते, "आक्काच्या घरात लाकडालाबी मिशा फुटत्यात, वर खोबऱ्याचा वास!" तो ओंडका तसाच असू दे, नवरात्रात तू त्याला हात लावलेला नसू दे, म्हणून काल अंबाबाईला नारळ बोलले. बहिणीनं घर झाडलेलं नसावं असा नवस बोलणारी मीच पहिली असेन. त्याची ढलपी पानात गुंडाळून पाठव. घासू नकोस, उन्हात ठेवू नकोस.

दुसरा ता. क. – एस.टी.च्या कंडक्टरकडं देऊ नकोस, एखादा भला माणूस पुसून देईल. तूच घेऊन ये. दसरा झाला की पेरणी आहे. आईचं बी आहे, दोघींनी मिळून पेरू. मी चुकले, आक्का. मास्तरांनी विचारलं, असली अस्सल बुरशी सापडणार कुणाच्या घरी? साऱ्या पेठेदेखत मी छाती पुढं काढून सांगितलं, "माझ्या आक्काच्या!"