कॉर्नेटवरचं गाऱ्हाणं

मास्तर, तुमचं कॉर्नेट अजून माझ्याकडेच आहे. तुमच्या मागे काकींनी ते माझ्या हातात दिलं, तेव्हापासून पावसाळा लागला की मी त्याच्या कर्ण्यात जुना कागद कोंबतो, तुम्ही कोंबायचात तसा. पितळ काळवंडलं आहे, पण घासत नाही. एकदा मी आमसुलांनी ते लख्ख करून आणलं होतं, आठवतं? मला वाटलं शाबासकी मिळेल. तुम्ही ते उजेडात धरून पाहिलंत आणि म्हणालात, "भांडी घासूक इलस काय रे गुरुजी? वायंच काळा ऱ्हवांदे. हाताची खूण ऱ्हवता तेच्यार." मी शाळेतला मास्तर, तुम्ही बँडचे मास्तर. गोंधळ नको म्हणून तुम्ही मला गुरुजी म्हणायला लागलात, आणि वयाने एवढा लहान असून मी गुरुजीच राहिलो.

तुमची सगळी हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बहुतेक तुमच्या स्वयंपाकघरात, पेजेच्या वेळी. सावंतवाडीला संस्थान होतं तेव्हा तिथल्या बँडात तुम्ही एकल कॉर्नेट वाजवायचात. सुरांचं पाच रेघांवरचं लिखाण एका गोवेकर वादकाने शिकवलं. संस्थान गेलं, बँड गेला, आणि तुम्ही मालवणात येऊन लग्नाचा बँड उभा केलात. त्यातली खरी करामत मला पुढे समजली. आंब्याचे दिवस आले की तुमचा युफोनियमवाला देवगडच्या बागेत राखणीला जायचा. मग त्याचे खालचे सूर तुम्ही दोन कच्च्या वादकांत असे वाटून द्यायचात की वरातीत कुणाला पत्ता लागत नसे. हंगाम बदलला, माणसं बदलली, की तीच चाल पुन्हा नव्याने लिहायची. "वाद्यां बघून लिवतत ते येगळे," तुम्ही म्हणायचात. "मी माणसां बघून लिवतंय."

माझं वेड कवितेचं. चौथीच्या पोरांकडून मी बाकावर बोटं वाजवत वृत्तं म्हणवून घ्यायचो. अजूनही झोप येत नसली की ती लय बोटांत येते आणि कौलारू वर्गातला खडूचा वास येतो. एका संध्याकाळी मी तुम्हाला यती समजावून सांगितला, ओळीच्या मध्ये थांबायची ती जागा. तुम्ही पेजेचं वाडगं खाली ठेवलंत. "म्हणजे तुमच्यात पण श्वासाची जागा ठरलेली आसा? आणि ती कागदार लिवतत?" मी म्हटलं, लिहीत नाहीत, कानाला कळते. तुम्हाला इतका आनंद झाला की काकी म्हणाल्या, "ह्येंका आज पेज घातली की दारू?"

चातुर्मासात लग्नं नसायची. त्या महिन्यांत तुम्ही स्वतःचं असं लिहायला बसलात. कुठल्या चालीवरून नाही, कुणाच्या वरातीसाठी नाही. आपल्याकडे देवळात एक जण सगळ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो, एका दमात लांबलचक मागणं बोलत जातो, आणि मागणं संपलं की जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" तुम्ही ते बँडसाठी लिहिलंत. मागणं कॉर्नेटचं, एकट्याचं, खाली बाकीच्यांचा हलका आधार. उत्तर खालच्या सुरांच्या सगळ्या पितळी वाद्यांचं. मी तोवर तुमच्याकडे शिकून बँडात दुसरं कॉर्नेट वाजवायला लागलो होतो. मला सूर थोडेच होते, पण ऐकायला सगळं मिळायचं.

तुमचा हट्ट एवढाच होता की हे लोकांनी बसून ऐकावं. "बँडाबरोबर माणसां चलतत. बँडासमोर बसनत नाय. एकदा बसांदेत, शेवटापर्यंत ऐकांदेत आणि टाळी वाजवंदेत. मगे मी वराती वाजवीत मरान." हसत म्हणालात, पण मला ते हसण्यावारी नेता आलं नाही. मी वाचनालयाच्या मंडळींना गळ घातली, शाळेतली बाकं त्यांच्या सभागृहात वाहून नेली आणि दिवस ठरवला.

तो दिवस मला आत्ता दिसतो. बाकं भरली आहेत. मागून कुणी ओरडतो, "सिनेमाचा वाजव मरे!" तुम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं करता. कॉर्नेट ओठांना लावता आणि पहिलं मागणं सुरू होतं, अगदी बोलल्यासारखं, मध्ये अडखळतं, पुन्हा धावतं. ते संपतं, खालची वाद्यं उत्तर देतात. सभागृह गप्प. दुसरं मागणं संपतं आणि मागच्या बाकावरचा एक म्हातारा सवयीने पुटपुटतो, "व्हय म्हाराजा." तिसऱ्याला चार-पाच जण. त्यानंतर सगळं सभागृह, इतक्या मोठ्याने की आमची वाद्यं बुडून गेली. तुमची मान लाल झालेली मला शेजारून दिसत होती. तरी तुम्ही थांबला नाहीत, शेवटापर्यंत नेलंत. शेवटचा सूर विरला, आणि एकही टाळी वाजली नाही. माणसांनी हात जोडले, कपाळाला लावले, आणि देवळातून उठावं तशी उठून शांतपणे घरी गेली.

रात्रीचं जेवण तुम्ही टाकलंत. "बगलंस गो? तेंका वाटला मी भटपण करूक इलंय."

काकी मासे तळत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत. "मगे? देवाक गाऱ्हाणा घातल्यार टाळ्यो कोण वाजवता? हात जोडून गेली ना लोकां? आणखी काय होया तुमका?"

"माका टाळी होयी, गो."

"मगे लगीन लागताना वाजवा."

पुढच्या चातुर्मासात तुम्ही ते पुन्हा लिहिलंत. सगळं जसंच्या तसं, फक्त उत्तराच्या जागांवरून वाद्यं काढून टाकलीत. तेवढ्या मात्रा मोजून रिकाम्या ठेवल्यात. मी विचारलं तर म्हणालात, "हंय लोकां म्हणतली. तेंचीच जागा ती. उगाच भांडान काय उपयोग?"

मग सावंतवाडीहून बोलावणं आलं. तिथे खुर्च्या होत्या, गालिचा होता, संस्थानाच्या वेळची तुम्हाला ओळखणारी माणसं होती. पहिलं मागणं संपलं. आम्ही वाद्यं ओठांशी धरून मात्रा मोजत राहिलो. कुणीही काही बोललं नाही. दुसरं, तिसरं, चौथं, प्रत्येक जागा तशीच गेली. पंखा फिरण्याचा आवाज तेवढा यायचा. शेवटी मात्र टाळ्या पडल्या, भरपूर, उभं राहून. तुम्ही वाकून नमस्कार केलात.

परतीच्या एस.टी.त तुम्ही खिडकीशी बसलात, पेटी मांडीवर. मी म्हटलं, "मास्तर, टाळी मिळाली." तुम्ही मान हलवलीत. कुडाळला गाडी थांबली, कुणी उतरलं, कुणी चढलं. गाडी हलल्यावर तुम्ही म्हणालात, "गुरुजी, तू तरी म्हणाचंस."

"मी वाजवत होतो, मास्तर."

"हां. तुझ्या तोंडात कॉर्नेट होता."

त्यानंतर ते तुम्ही कुठेच वाजवलं नाहीत. लग्नाचे हंगाम आले आणि गेले, तुम्ही वराती वाजवल्यात, युफोनियमवाल्यासाठी लिहीत राहिलात आणि एका हंगामाआधी गेलात.

आता हे सगळं आठवायचं कारण सांगतो. मध्यंतरी पुण्याची एक मुलगी जुन्या बँडवाल्यांची चौकशी करत माझ्याकडे आली. स्वतः ट्रॉम्बोन वाजवते. तुमचे कागद तिने जमिनीवर पसरले आणि म्हणाली, "आजोबा, इथे काहीच लिहिलेलं नाही. इथे आम्ही वाजवू का?" मी म्हटलं, नको, ती लोकांची जागा आहे. "पण लोकांना कळणार कसं?" मी एवढंच म्हटलं की कार्यक्रम मालवणात कर.

तिने केला. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, काठी दोन गुडघ्यांत धरून. दुसऱ्या मागण्यानंतर मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." आवाज फाटका निघाला. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने वळून पाहिलं, आणि तिसऱ्या मागण्याला तोही म्हणाला. पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. शेवटी टाळी वाजली नाही. मुलगी घाबरून माझ्याकडे आली, "आवडलं नाही का हो त्यांना?" तेव्हा मी काकी बोलल्या होत्या ते तिला सांगितलं, मालवणीतच.

हा कागद कुठल्या पेटीत टाकणार? पावसाळा जवळ आलाय, यंदा कर्ण्यात हाच कोंबेन. फक्त एक राहिलं, मास्तर. दुसऱ्या मागण्याला म्हटलं असं मी वर लिहिलं, ते खरं आहे. पण त्याआधीच्या पहिल्या मागण्याला, या खेपेस माझ्या तोंडात कॉर्नेट नव्हतं, जागा मला पाठ होती, तरी लोक काय म्हणतील म्हणून मी गप्प बसलो. ती एक जागा रिकामी गेली.