जवळच्यांचा वेग

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा एकदा गच्चीवर म्हणाले होते, की पळणाऱ्याला हाका मारू नयेत, त्याचा वेग मोजावा. किती लांब गेलाय ते कळतं. त्याच वाक्यावर माझं पोट चालतं. आकाशातली दीर्घिका जितकी लांब, तितकी जोरात पळते; म्हणून तिचा वेग मोजायचा, वेगावरून अंतर काढायचं, अंतरावरून तिचं खरं तेज. डायलिसिसच्या वेळी एका हाताला नळ्या आणि दुसऱ्या हातानं हीच आकडेमोड. शेजारच्या आजीबाई विचारतात, चांदण्या मोजून झाल्या का गं.

परवा मात्र तोंडघशी पडले. एक दीर्घिका मी जवळची आणि मिणमिणती ठरवली होती. पण तिच्या अलीकडचा मोठा समूह तिला आपल्या दिशेनं ओढतोय, म्हणून वेग कमी दिसला. निघाली दुप्पट लांब, चौपट तेजस्वी! जवळच्या दीर्घिकांना हा नियम डोळे झाकून लावायचा नसतो, हे मी विसरले.

ताई, मी थकले गं. पुढच्या महिन्यापासून डायलिसिस बंद करावं म्हणते. फोन उचलत नाही, कारण तू रडतेस आणि मी विरघळते. तुझं मूत्रपिंड मला नको. लग्न करून गेलीस ती मागं वळूनही न बघता; आता तुझी लेक बघ, लांबच राहा.

घरात सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
चिमणी


१७ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

बंद करणार म्हणे! लहानपणी औषधाची गोळी उशीखाली लपवायचीस, तीच तू अजून. दिवसभर लोकांना आ करायला लावून दात बघते, पण तुझं पत्र वाचून माझीच दातखीळ बसली.

वेगात निघाले, म्हणून लांब गेले, असं धरलंस ना? परवाचीच चूक पुन्हा केलीस. मागं वळले असते तर पाऊल उचललं नसतं. तू फाटकाशी रडत उभी होतीस. ती ओढ कुठल्या हिशेबात धरलीस?

तुला न विचारता सगळ्या तपासण्या करून घेतल्या. जुळतंय. तुझे भावोजी आधी चिडले, मग रिपोर्ट आणायला स्वतःच गेले. लेक म्हणते, मावशीला सांग, आईकडे दोन आहेत.

बाबा काहीही म्हणोत, मी हाका मारतेय. सोमवारी तुझ्या डॉक्टरांकडे पोचते. तू नाहीच म्हणशील, पक्कं ठाऊक आहे.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नकोस. फक्त माझ्या शेजारी बसून प्रत्यारोपणाच्या संमतीच्या कागदावर सही कर.

तुझी,
ताई