आठवा निबंध

केलगेरी रस्ता, धारवाड
१४ नोव्हेंबर २०२३

चि. दीपश्री,

आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच टाकशील, अशी शंका आहे. फोन उचलत नाहीस. बरोबरच आहे.

इथे ठीक. गुडघे गेले, जीभ शाबूत आहे.

कॉलेजात तपासणी यायची आहे, म्हणून निवृत्तांचेही संशोधक-क्रमांक हवेत म्हणे. सोळा आकडी. नाव बदला, गाव बदला, मरा. आकडा हलत नाही. छत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि मी कोण हे आता आकड्याने सिद्ध करायचं! भाचा श्रीवत्स लॅपटॉप घेऊन बसला. पडद्यावर शोधनिबंधांची यादी आली, यांतले तुमचे कोणते म्हणून. "आत्या, सुम्ने होय म्हणा, उगीच विचार नको. सगळे तुमचेच."

सातांना होय म्हटलं. आठवा केलगेरी तळ्यातल्या शेवाळावरचा, १९९६चा. लेखक डी. व्ही. कुलकर्णी.

"हे पण तुम्हीच की!"

धारवाडात सिटी बसमध्ये कुलकर्णी म्हणून हाक मारली तर अर्धी बस वळेल. पूर्ण नाव छापू नये, आद्याक्षरं पुरेत, हा दंडक तू माझ्या हाताखाली संशोधन करत होतीस तेव्हा तुला मीच घातला होता. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हाला तेच वळण लावलेलं: बाईने नाव मिरवू नये. मी दमयंती विनायक, तू दीपश्री वेंकटेश. घोटाळा होईल हे मला कधी सुचलंच नाही.

खोटं. चांगलं सुचलं होतं. माझ्या बढतीच्या फाइलीत कारकुनाने तुझा निबंध चुकून लावला, आणि मी काढायला सांगितलं नाही. महिन्याभरात तुझी नोकरीची मुलाखत. "हा निबंध तर तुमच्या मॅडमचा," असं समितीने तुला सुनावलं. मग मला आत बोलावलं. "तुमचाच ना?" तू समोर बसली होतीस. मी होकाराची मान हलवली.

दोन वर्षं तू तळ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून बाटल्या भरल्यास. हल्ली विद्यानगरात दहावीच्या शिकवण्या घेतेस, असं ऐकते.

या वेळी मी "माझा नाही" म्हटलं. श्रीवत्सला सांगितलं, दीपश्रीचा क्रमांक काढ, निबंध तिच्याकडे टाक.

"तसं चालत नाही, आत्या. ज्याचा क्रमांक त्यानेच काढायचा, निबंधही त्यानेच आपला म्हणायचा."

म्हणजे पंचवीसेक वर्षांनी मी तो सोडला, आणि आता तो कोणाचाच नाही.

दहा मिनिटांचं काम आहे. तू करणार नाहीस. कॉलेज तुझं सुटलं, त्या आकड्याचं लोणचं घालशील? माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तर मुळीच करू नकोस. मी मेल्यावरही माझा क्रमांक राहील, सात निबंधांसह, स्वच्छ. मी काय केलं हे लिहायला त्यात कुठे जागा आहे का, ते शोधलं. नाही.

"तुझी" असं लिहायचा हक्क त्या खोलीतच गेला.

दमयंती कुलकर्णी